रॉजर आधी नाचात, मग अंकात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ पुरवणीतला इंग्लंडच्या जुन्या लोकनाचांवरचा लेख आवडला, पण त्यात एका ठिकाणी बाप आणि लेक यांची अदलाबदल झाली आहे. 'सर रॉजर द कव्हर्ली' या नाचाला 'स्पेक्टेटर' या जुन्या इंग्रजी नियतकालिकातल्या सर रॉजर या पात्राचं नाव मिळालं, असं लेखक म्हणतात. प्रत्यक्षात नाव नाचाचं होतं, पात्राने ते उचललं.

'स्पेक्टेटर' लंडनमध्ये सुरू झाला १ मार्च १७११ रोजी. दुसऱ्याच अंकात रिचर्ड स्टीलने सर रॉजरची ओळख करून दिली : वूस्टरशरचे खानदानी जमीनदार, वयाचं छप्पन्नावं वर्ष चालू, आणि त्यांच्या नावाचा तो प्रसिद्ध नाच म्हणे त्यांच्या पणजोबांनी बसवलेला. ही थट्टा आहे. नाच सगळ्यांच्या ओळखीचा असल्याशिवाय ती कळणार कशी? आणि ओळखीचा तो होताच. 'द डान्सिंग मास्टर' या नाचांच्या पुस्तकाच्या १६९५ च्या नवव्या आवृत्तीत ही चाल 'रॉजर ऑफ कव्हर्ली' म्हणून छापलेली आहे. तिथे रॉजर नुसताच रॉजर, 'सर' वगैरे काही नाही. जॉन प्लेफर्डने १६५१ साली काढलेलं हे पुस्तक, वर चालीचे स्वर आणि खाली नाचाच्या सूचना, अशा मांडणीचं. पहिल्याच आवृत्तीत शंभरावर नाच होते.

लेखकाची चूक समजण्यासारखी आहे. आमच्या पिढीलाही सर रॉजर भेटले ते बी.ए.च्या इंग्रजी निबंधांत. त्यांचा नाच कोणी पाहिला होता? रॉजर म्हणजे कोल्हा आणि 'कव्हर' म्हणजे त्याची लपायची झाडी, असाही या नावाचा एक उलगडा सांगतात. मला तो जरा जास्तच जुळवून आणलेला वाटतो.

चाल मात्र अस्सल आहे. नऊ मात्रा, तीन-तीनचे तीन झोके, पाय आपोआप हलू लागतात. समोरासमोर पुरुष आणि बायकांच्या दोन रांगा. एका टोकाचा पुरुष आणि दुसऱ्या टोकाची बाई तिरपे पुढे येतात, भेटतात, मागे फिरतात. मग उजवा हात, डावा हात, दोन्ही हात. शेवटी पहिली जोडी खालच्या टोकाला जाऊन हातांची कमान धरते, बाकीचे तिच्याखालून जातात आणि नवी जोडी पहिली होते. त्यामुळे प्रत्येकाची पाळी येते आणि मेजवानीचा शेवट याच नाचाने करायची रीत पडली. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये (१८४३) म्हातारे फेझिविग बायकोसह पहिल्या जोडीला उभे राहतात तेही याच नाचात. अमेरिकेतला 'व्हर्जिनिया रील' याचाच वंशज.

फ्रँक ब्रिज या संगीतकाराने १९२२ साली ही चाल तंतुवाद्यांसाठी बांधली आणि शेवटाकडे तिच्यात 'ऑल्ड लँग साइन' या निरोपाच्या गाण्याची धून मिसळून दिली. लेखात तिचा उल्लेख हवा होता. पुढच्या पुरवणीत निदान पणजोबांची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, मिरज