काहील ढकलणाऱ्या दोघांना

कोल्हापूरच्या पुराच्या आठवणींचं छोटंसं प्रदर्शन मांडलं आम्ही, आणि सगळ्यात जास्त माणसं थांबली ती एका काहिलीपाशी. काहील म्हणजे गूळ आटवायची भलीमोठी कढई. ऑगस्ट २०१९ मध्ये तिची नाव झाली होती. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. चिखली-आंबेवाडी या गावांना पाण्याचा वेढा पडलेला.

माझी आई अशाच काहिलीतून बाहेर आली, मांडीवर पिठाचा डबा घट्ट धरून. (दागिने घरात, डबा बरोबर!) दोन पोरं छातीभर पाण्यातून काठ धरून ढकलत होती. कडेला लागल्यावर एकाच्या पायात एकच चप्पल होती, एवढंच तिला आठवतं. नाव विचारायच्या आत दोघं माघारी फिरलेले.

प्रदर्शनातली काहील कुणी आणली, तेही कळलं नाही. सकाळी दाराशी टेकवून ठेवलेली, बुडाला वाळलेला गाळ. तो आम्ही पुसला नाही.

शाई फुटलेल्या वह्या, थांबलेलं घड्याळ देऊन गेलेल्यांचे, रात्रभर भाकऱ्या थापलेल्या बायकांचेही आभार. आणि त्या दोघांनो, कधीतरी घरी या. आई अजून विचारते.