आप्पांचे दोन दाखले

तीर्थरूप आई-आप्पांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, हयातीचे दोन्ही दाखले मंजूर झाल्याचा मेसेज आला. एक फौजेच्या पेन्शनचा, एक पोलीस खात्याच्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे तुम्ही असे सावधान बसला होतात की डोळे मिचकवा म्हटलं तरी मिचकवेनात! पण त्या दिवशी पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर शोधायला पेटी उघडली आणि तुमचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीची नोंदवही, मी पहिल्यांदा नीट वाचलं. म्हणून हे पत्र. फोनवर काही विचारायला गेलं की तुम्ही ‘बरं, ठेव आता’ म्हणता.

1969 साली बेळगावला भरती, 1984 ला पंधरा वर्षांची नोकरी संपवून घरी. मधल्या एकाहत्तरच्या युद्धाबद्दल तुमच्याकडून कळलेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. जंगी पलटण, म्हणजे तुमची पहिली मराठा बटालियन, ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या मागे जाऊन बसली, 10 डिसेंबरच्या रात्री शत्रू बाहेर पडायला बघत होता, पहाटेपर्यंत पलटणीनं त्याला सोडलं नाही. बास. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं धाडलेल्या चिठ्ठीला पलीकडच्या कर्नलनं कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं होतं, हेसुद्धा मला बाहेर वाचून कळलं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, ‘ते साहेब लोकांचं. आम्हाला थंडी लय होती.’

मग माजी सैनिकांच्या राखीव जागेवर मुंबई पोलिसात शिपाई. तेहतिशीत पुन्हा मैदान, पुन्हा हजेरी, आपल्याहून लहान फौजदाराला सलाम. याचा कमीपणा वाटला का, हे कधी विचारलं नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत एकशेसाठ चौरस फुटांची खोली मिळाली, आणि आमचं बालपण तुमच्या ड्युटीच्या वेळापत्रकावर गेलं. तुमची नाईट असली की दिवसा रेडिओ बंद आणि आम्ही पोरं व्हरांड्यात.

लोक तुम्हाला एक तर एकाहत्तर विचारतात, नाही तर सव्वीस अकरा. मला आठवतो तो बंदोबस्त. गिरगाव चौपाटीवर विसर्जन दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालायचं आणि तुम्ही सुजलेले पाय घेऊन यायचात. आई परातीत कोमट पाणी, मीठ घालून ठेवायची. आमच्या घरच्या गणपतीची आरती बहुतेक वर्षी शेजारच्या काकांनी केली. बारा-बारा तास उभं राहायचं, आणि काही घडलं नाही तरच काम चांगलं झालं म्हणायचं. अशा कामाची पेपरात बातमी येत नाही. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग देवनार ठाण्यात झाला तो 2016 साली. तुम्ही तर 2009 लाच सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. तो पेपर तुम्ही घडी घालून ठेवला होतात, मी पाहिलंय.

आई, 12 मार्च 1993 चं मला अर्धवटच आठवतं. सेंच्युरी बाजारच्या बॉम्बस्फोटाचा आवाज चाळीपर्यंत आला, भांडी हलली, एवढं पक्कं. आप्पा त्या दिवशी कुठे नेमणुकीला होते हे तुला माहीत नव्हतं, मोबाइल तर नव्हतेच. तू आमची दप्तरं भरून ठेवलीस आणि भाकऱ्या थापत बसलीस, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या चाळीतल्या पोलिसांच्या घरी वाटल्या गेल्या. 26 जुलैच्या पुरातही तुझं तेच. फौजेत असताना निदान आंतरदेशीय पत्र तरी यायचं, असं तू एकदा म्हणाली होतीस. मला ते आता कुठे समजायला लागलंय.

सव्वीस अकराला तुकाराम ओंबळे गेले तेव्हा मात्र आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. केडंबे आपल्या जावळीतलंच. तेही आधी फौजेत, मग मुंबई पोलिसात. हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. पुढं अशोकचक्र जाहीर झालं, टीव्हीवर सगळे शौर्य शौर्य म्हणत होते. आप्पा, तुम्ही एवढंच म्हणालात, ‘नाकाबंदीला होता. नाकाबंदीत माणूस जागा सोडत नाही.’ मला तेव्हा ते फार कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, ओंबळ्यांबद्दल त्याहून नेमकं त्या आठवड्यात कुणीच बोललं नसेल.

संक्रांतीला मी येते आहे, मुलालाही आणते. त्याला शाळेत नकाशा काढायचाय, तर कमालपूर ते जमालपूर रस्ता त्याला तुम्हीच काढून द्या. त्र्याण्णवचं मात्र आईकडून ऐकणार. आप्पा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. बोललात तर तुम्हाला गोठ्यावर पहाऱ्याला लावीन.

गुडघ्यासाठी तेल पाठवलंय, रोज रात्री चोळा. बीपीची गोळी संपत आली की आधी कळवा, संपल्यावर नको.

तुमची,
धाकटी