घाटावर पाण्याची पातळी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरहून शनिवार-रविवारी कुठे जाता येईल, याची माहिती आपण दर हिवाळ्यात देता. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. अंतर किती, मुक्काम कुठे, जेवण कुठे. त्या माहितीत एका आकड्याची भर घालावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तो आकडा म्हणजे मंडलेश्वरला नर्मदेची त्या दिवशीची पातळी. मी जलसंसाधन विभागात सब-इंजिनिअर होते, नोकरीतली बरीच वर्षे नदीकाठी गेज, म्हणजे पातळी मोजायच्या खुणा, वाचण्यात गेली, म्हणून हे मागणे मागण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे मानते.

निमित्त आहे आमच्या घरात ठरत असलेल्या एका सहलीचे. पुण्याची भाची आणि तिची मैत्रीण डिसेंबरात येणार आहेत. पहिल्या दिवशी महूच्या पुढे जाम गेटपासून विंध्याचा घाट पायी उतरायचा, पायथ्याच्या गावातून बस पकडून मंडलेश्वर गाठायचे आणि तिथे मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडलेश्वरच्या घाटावरून पॅकराफ्टमध्ये बसून महेश्वरला जायचे. तिघी जणी, दोन दिवस, आणि सामान सगळे पाठीवर.

पॅकराफ्ट म्हणजे घडी करून पाठपिशवीत मावणारी, हवा भरायची एकट्याची नाव. अडीच ते चार किलो वजन. वल्ह्याचे चार तुकडे होतात, तेही पिशवीच्या कडेला बसतात. पंप लागत नाही. एका पातळ पिशवीत हवा कोंडायची आणि ती पिळून नावेत ढकलायची, दहा-पंधरा मिनिटांत नाव फुगते. कल्पना जुनी आहे. १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अंगावर झग्यासारखी घालता येणारी रबरी नाव केली होती आणि जॉन रे याने ती आर्क्टिकच्या मोहिमांत वापरली. आजचे रूप अलास्कातले. तिथे १९८२ साली रानावनातून पायी जाण्याची एक शर्यत झाली. वाटेत नदी आली तेव्हा डिक ग्रिफिथ नावाच्या स्पर्धकाने पाठपिशवीतून नाव काढली आणि बाकीचे काठावर उभे असताना तो पलीकडे गेला. त्या वेळी त्याचे वय पंचावन्न होते. निवृत्तीनंतर डोंगर-नदीच्या वाटेला जाऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बाजारात मुलांना डुंबायला मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या फुगवायच्या नावा म्हणजे पॅकराफ्ट नव्हेत. नर्मदेचा खडक काळा बेसाल्ट आहे, त्याच्या कडेला घासली की ती नाव फाटते. भाचीच्या मित्रमंडळींनी तीन चांगल्या नावा दिल्या आहेत, त्यांचा तळ जाड नायलॉनचा आहे.

चालण्याचा भाग ठरवायला अवघड गेला नाही. जाम गेट अहिल्याबाईंच्या काळातले, १७९१ चे. माळव्याचे पठार तिथे संपते आणि एका पावलावर निमाड सुरू होतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. या दोघांमधला बहुतेक उतार याच घाटात आहे. होळकरांची राजधानी महेश्वरला होती तेव्हा माळव्यातून तिकडे जाणाऱ्यांची ही वाट. आता डांबरी सडक आहे, तरी गुराख्यांच्या पायवाटा कड्याच्या अंगाने उतरतात. डिसेंबरात सागाची पाने झडून वाटेवर साचलेली असतात. पान मोठे, वाळलेले, त्याखाली मुरूम. पाय ठेवला की पान आणि मुरूम दोन्ही सरकतात, म्हणून काठी हवी आणि पाठीवरचे ओझे कमी हवे. नाव, वल्हे, लाइफ जॅकेट आणि दोन लिटर पाणी धरले की आठ किलो तिथेच होतात. कपड्यांचा एकच जोड घ्यायचा. जेवायला धपाटे आणि तिळाची चटणी, दोन दिवस टिकते. आधी वनविभागाच्या चौकीवर विचारून घ्यायचे, आणि दिवस लहान असल्यामुळे दुपारी चारच्या आत पायथ्याशी पोहोचायचे.

नदीचे पहिले काम म्हणजे उतरायची जागा आधी पाहून ठेवणे. हे मी मुलींना पहिल्याच फोनवर सांगितले. मंडलेश्वरच्या वर, जलूदजवळ, महेश्वर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाची भिंत उभी आहे. जलूदहूनच १९७८ पासून इंदूरच्या नळांना नर्मदेचे पाणी येते. त्या भिंतीच्या आसपास नाव नेण्याचा विचारही करायचा नाही, सुरुवात तिच्या खूप खाली, मंडलेश्वरच्या घाटावरून. तिथून महेश्वर आठ-नऊ किलोमीटर. पात्र संथ आहे. नवशिक्या माणसाचा वल्ह्याचा वेग ताशी तीन किलोमीटर धरला तर तीन तास लागतील. डावीकडे-उजवीकडे मासेमारीची जाळी असतात, नावांचे दोर ताणलेले असतात, त्यावर डोळा ठेवायचा. स्वतःला नावेशी दोरीने कधी बांधायचे नाही. पाण्यात पडलो तर उठून उभे राहायचे नाही, कारण खडकाच्या फटीत पाय अडकला की वाहते पाणी माणसाला पुढे वाकवून बुडवते. पाय पुढे, पाठ पाण्यावर, तसेच वाहत काठाला यायचे. नर्मदेत मगरी आहेत. थंडीत त्या उन्हाला खडकावर येतात. कुठल्या खडकावर, ते केवटांना, म्हणजे नावाड्यांना, पाठ असते; विचारायचे आणि त्या अंगाला फिरकायचे नाही.

महेश्वरला पात्राच्या मधोमध बाणेश्वराचे देऊळ दिसू लागले की उजवा काठ धरायचा आणि अहिल्या घाटावर उतरायचे. पुढे जायचे नाही. महेश्वरच्या खाली सहस्रधारा आहे, जिथे नदी खडकात फुटून असंख्य धारांनी उतरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेतल्या कनू स्लॅलमच्या, म्हणजे उसळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून नाव नेण्याच्या, शर्यती तिथेच झाल्या. ते प्रशिक्षित खेळाडूंचे पाणी आहे, सहलीला आलेल्यांचे नाही. उतरल्यावर सहस्रधारा पायी जाऊन काठावरून पाहावी. खडकावरून पाणी कसे वागते हे तिथे जितके कळते तितके पुस्तकात कळत नाही.

निघायची वेळ सकाळची. सकाळी वारा पडलेला असतो. दुपारी उठला तर एवढी हलकी नाव वाळल्या पानासारखी भरकटते आणि वल्हे मारून हात गळतात.

एवढे सगळे कागदावर उतरले. नकाशा झाला, वेळा झाल्या, सामानाची यादी झाली. मग भाचीने विचारले, “मावशी, त्या दिवशी पाणी किती असेल?” आणि जन्मभर पाणी मोजणाऱ्या मला इंदुरात बसून ते सांगता येईना.

मंडलेश्वरची नर्मदा आता पावसावर चालत नाही, वर धरणे आहेत. इंदिरा सागरची जलविद्युत क्षमता १००० मेगावॉट, त्याखाली ओंकारेश्वरची ५२० मेगावॉट. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू होतात, खाली पाणी वाढते. मागणी उतरली की पाणी उतरते. आकाश निरभ्र, ऊन कोवळे, आणि तरी नदी तासाभरात चढू शकते. गेल्या महिन्यात मी जागा पाहायला मंडलेश्वरला गेले होते. घाटाच्या पायऱ्यांवर एका वयस्कर केवटाने मला ओलीची रेघ दाखवली. खालच्या तीन पायऱ्या हिरव्या, शेवाळलेल्या. चौथी आणि पाचवी नुसती काळसर ओली. पाचवीच्या कडेला काडीकचरा, निर्माल्याची फुले आणि एक दिव्याचा द्रोण अडकलेला. “रात्री इथवर आलं होतं,” तो म्हणाला, “सकाळी गेलं.” वर पावसाचा थेंब नव्हता. त्याला कुणी कळवले होते का, असे विचारले तर त्याने नुसती मान हलवली.

हे कळवणे किती मोलाचे आहे, हे आपल्या भागाला शिकवायची गरज नसावी. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला भूतडी अमावास्येचा मेळा भरला होता. इंदिरा सागरमधून सोडलेले पाणी रात्री तिथे पोहोचले आणि घाटावर निजलेले, स्नानाला उतरलेले साठहून अधिक यात्रेकरू गेले. नदीकाठी ना पाऊस होता, ना ढग. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्यावर खडकावर उभे असलेले एक कुटुंब अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले. ते चोरल नदीचे पावसाळी पाणी होते, तिथे धरण नव्हते. पण वरच्या अंगाला काय चालले आहे ते खाली उभ्या माणसाला ठाऊक नव्हते, हे दोन्हीकडे सारखेच.

आता बातम्यांत येते ते असे: ‘धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग.’ घाटावरच्या माणसाला याचा उपयोग नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पण तेच पाणी रुंद पात्रात वीतभर चढते आणि दोन खडकांमधल्या चिंचोळ्या पात्रात पुरुषभर. विसर्गाचा आकडा धरणाच्या माणसांसाठी असतो. नावेत बसणाऱ्याला, कपडे धुणाऱ्या बाईला, स्नानाला आलेल्या म्हाताऱ्याला आणि रात्री जाळे टाकणाऱ्याला हवे ते एवढेच: या घाटावर पाणी किती चढेल आणि किती वाजता.

ही माहिती नव्याने गोळा करावी लागणार नाही. मंडलेश्वरला केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र आहे, तिथे पातळी नियमित नोंदली जाते. मागणे इतकेच की, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या हवामानाच्या चौकटीत तापमानाशेजारी मंडलेश्वरची सकाळी आठची पातळी आणि कालच्यापेक्षा ती किती वर-खाली आहे, एवढी एक ओळ छापावी. मीटरचा आकडा समुद्रसपाटीपासून असतो, वाचकाला त्यातून काही बोध होत नाही; पण ‘कालच्यापेक्षा दोन फूट वर’ हे कुणालाही समजते. आणि मंडलेश्वर-महेश्वरच्या नगरपरिषदांनी घाटाच्या पायऱ्यांवर फुटांच्या खुणा रंगवाव्यात, शेजारी फळा लावून त्यावर त्या दिवशीच्या विसर्गाची वेळ लिहावी. पांढरा रंग, एक ब्रश, सकाळी पाच मिनिटे. आमच्या खात्यात पुलाच्या खांबांवर गेज रंगवायचो, तसेच. सायरनही हवेत, पण सायरन तेव्हा वाजतो जेव्हा पाणी निघालेले असते. फळ्यावरची वेळ आदल्या संध्याकाळीच वाचून ठेवता येते.

कुणी म्हणेल, हा हौशी लोकांचा हट्ट आहे, मंडलेश्वरला पॅकराफ्ट घेऊन येणारे कितीसे असणार? आज थोडे आहेत, हे खरे. पण आमच्यासारखे जे येतात ते निदान लाइफ जॅकेट घालून, नदीचा अभ्यास करून येतात. मला काळजी त्यांची नाही. मला काळजी आहे ती दर रविवारी इंदूरहून गाड्या भरून येणाऱ्या आणि गुडघाभर पाण्यातल्या खडकावर जाऊन फोटो काढणाऱ्या मुलांची. त्याच खडकावर संध्याकाळी कमरेइतके पाणी असू शकते, हे त्यांना सांगणारे तिथे कुणीही नाही. महेश्वरला मी एका नावेत बसले होते, बारा-चौदा माणसे आणि लाइफ जॅकेट एकही नाही. मागितले तर ‘आमची नाव बुडत नाही’ असे उत्तर आले. अशा वेळी आपण नावेतून उतरावे. मी उतरले, दुसरी नाव शोधली.

आम्ही आमची सोय अशी केली आहे. मंडलेश्वरला आदल्या दिवशी उजेड असताना पोहोचायचे. पाण्याच्या रेघेवर पायरीला खडूने खूण करायची. रात्री नऊला एकदा आणि पहाटे सहाला एकदा पाहायचे. वीतभराहून जास्त चढले असेल तर नावा पिशवीतून काढायच्याच नाहीत, काठाने पायी किंवा बसने महेश्वर गाठायचे. पाणी स्थिर असेल तरी त्या केवटाला विचारूनच निघायचे आणि महेश्वरला किती वाजता पोहोचू ते त्याला सांगून ठेवायचे. त्या मार्गाने कुणी वाचक जाणार असतील तर त्यांनीही खडू सोबत न्यावा. आपण ती एक ओळ छापू लागलात तर निघायचे की नाही, हे इंदुरातूनच ठरवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त सब-इंजिनिअर,
लोकमान्यनगर, इंदूर