जुना कोड वाचायचा वेळ प्लॅनमध्ये कुठेच नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रोग्रामरच्या कामाबद्दल पेपरात जे येतं ते सगळं नवीन ॲप, नवीन लँग्वेज, नवीन टूल असंच असतं, म्हणून म्हटलं एकदा आपणच लिहावं. मी 14 वर्षं प्रोग्रामिंग करतेय आणि कोऱ्या फाईलपासून सुरू केलेली कामं बोटांवर मोजण्याइतकी असतील, बाकी सगळा वेळ दुसऱ्याने कधीतरी लिहून ठेवलेलं वाचण्यात गेला. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा वेळ कोणी धरतच नाही, ना एस्टिमेटमध्ये ना अप्रेझलमध्ये, आणि ते चुकीचं आहे.

मागच्या वर्षी बिलिंगच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये टॅक्सचा हिशोब चुकत होता, काम अर्ध्या दिवसाचं धरलेलं. कोड उघडला तर मधेच एक अट, ग्राहक क्रमांक 9 ने सुरू होत असेल तर टॅक्स लावायचा नाही. का, ते कुठेच लिहिलेलं नाही, टेस्ट नाही, कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलाच्या नोंदीत 11 वर्षांपूर्वीचा नुसता ‘फिक्स’ एवढा शब्द. पहिल्यांदा वाटतंच की हीच चूक असणार, काढून टाकू. मी काढली नाही, तीन दिवस डेटा चाळत बसले आणि शेवटी नोकरी सोडून गेलेल्या एका सीनियरना फोन केला तेव्हा कळलं की पूर्वी दोन सिस्टीम एकत्र केल्या होत्या आणि दुसरीकडून आलेल्या या ग्राहकांच्या रकमेत टॅक्स आधीच धरलेला होता. अट काढली असती तर त्या सगळ्यांना दोनदा टॅक्स लागला असता! खरी चूक भलतीकडेच होती, बदलली एकच ओळ. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, एका ओळीला चार दिवस? त्याच मीटिंगमध्ये नवीन स्क्रीनच्या डेमोला टाळ्या पडल्या, आणि त्या मुलाने काम चांगलंच केलं होतं, पण माझे तीन दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे ते आजही मला कळलेलं नाही.

जुन्याकडे नीट न बघितल्याची किंमत किती असते ते नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर ट्रेडिंग कंपनीने 1 ऑगस्ट 2012 ला बघितलं. नवीन कोड 8 पैकी 7 सर्व्हरवर चढला, आठव्यावर जुनाच राहिला, त्यात वर्षानुवर्षं न वापरलेला पण काढायचा राहून गेलेला एक भाग होता आणि त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे तो भाग चालू-बंद करायची खूण, नवीन कामासाठी परत वापरलेला, त्यामुळे तो भाग चालू झाला. साधारण 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान.

मग लोक म्हणतात सगळं फेकून नव्याने लिहू. नेटस्केपने ब्राउझरच्या बाबतीत तेच केलं, आवृत्ती 4 नंतर थेट 6 आली ती 2000 च्या शेवटी, तोवर इंटरनेट एक्स्प्लोररने मार्केट खाल्लं होतं. जुन्या कोडमध्ये ती 9 ची अट असते ना, तशा शेकडो गोष्टी असतात, फेकताना त्या पण जातात आणि मग एकेक करून परत सापडतात, बहुतेक ग्राहकाच्या तक्रारीतूनच.

कंपन्यांना माझं मागणं फार नाही. टिकटवर, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदीवर, वाचायचा वेळ वेगळा लिहू द्या. नवीन फीचर ज्याने लिहिलं त्यालाच पुढचे काही महिने ते सांभाळू द्या, म्हणजे ‘फिक्स’ एवढंच लिहून कोणी मोकळं होणार नाही. आणि नुकत्याच लागलेल्या मुलांना मेन्टेनन्सवर एकटं टाकून देऊ नका, शेजारी कोणीतरी जुनं माणूस बसवा.

यात घाई पण आहे. 1970 पासूनचे सेकंद 32 बिटमध्ये मोजणारे जे प्रोग्राम अजून चालू आहेत त्यांची मोजणी 19 जानेवारी 2038 ला संपते आणि अशी तारीख कुठे कुठे साठवलीय ते कोणाला तरी बसून शोधावंच लागणार, तो वेळ आत्ताच्या प्लॅनमध्ये धरायला हवा.

त्या 9 च्या अटीवर मी सहा ओळींची कमेंट लिहून ठेवलीय, ग्राहक कुठून आले आणि टॅक्स का नाही ते सगळं. टिकटमध्ये ते काम नव्हतं.

आपली,
एक प्रोग्रामर