आखणीच्या आधी कातळशिल्पे शोधा

महोदय,

कोकण द्रुतगती महामार्ग आणि रेवस–रेडी सागरी महामार्ग या दोन्ही प्रकल्पांची चर्चा सध्या कोकणात घरोघरी चालू आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 मध्ये पनवेल–इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले आणि ते रखडल्याचे हाल आम्ही दर गणपतीत सोसले. त्यामुळे नवा रस्ता नको, असे मी म्हणणार नाही. मात्र हे रस्ते ज्या सड्यांवरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवरून, जाण्याचा संभव आहे, त्या सड्यांच्या पाठीवर काय कोरलेले आहे, याची नोंद आखणी पक्की होण्याआधी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जांभ्या कातळावर एक हजाराहून अधिक खोदचित्रे, म्हणजेच कातळशिल्पे, आजवर नोंदली गेली आहेत आणि अभ्यासक त्यांतील जुन्या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारी काळापर्यंत, मागे नेतात. कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा असून त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उक्षी, जांभरुण, बारसू, कुडोपी यांसारखी कोकणातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीबाहेरच्या सड्यांचे काय? प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. बहुसंख्य कातळशिल्पांच्या वाट्याला असे कवच आलेले नाही.

शिवाय ही चित्रे किल्ल्यासारखी दुरून दिसत नाहीत. पावसाळ्यात सड्यावर गुडघाभर गवत माजते, चरांत माती साचते आणि अनोळखी माणूस चित्रावर उभा राहूनही त्याला ते कळत नाही. पहिला पाऊस पडून गेला की चरांत पाणी थांबते आणि तेवढा वेळ माशाचा कल्ला किंवा हत्तीची सोंड चकाकते. हे मी स्वतः पाहिले आहे. गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्यांना या जागा ठाऊक असतात. ते त्यांना पांडवांचे काम म्हणतात, पण जागा अचूक दाखवतात. गवत वाळल्यावर अशा माणसांना सोबत घेऊन, हातात खराटा घेऊन केलेली पाहणी आणि कार्यालयात उपग्रहचित्र पाहून लिहिलेला अहवाल यांची बरोबरी होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. महामार्गाची झळ रस्त्याच्या पट्ट्यापुरती राहत नाही. भरावासाठी मुरूम, खडीसाठी क्रशर, काँक्रीटचा प्लांट, कामगारांची वस्ती, उरलेली माती टाकण्याची जागा, या सगळ्यांसाठी ठेकेदाराला सपाट आणि मोकळा सडाच सोयीचा पडतो. या जागा काम सुरू झाल्यावर ठरत असल्याने मूळ पाहणीत त्या येतच नाहीत, आणि जेसीबीचा एक दिवस चित्र खरवडून टाकायला पुरतो. कृष्णा नदीवरील श्रीशैलम धरणाच्या वेळी पाण्याखाली जाणारी काही देवळे दगड दगड सोडवून दुसरीकडे उभारता आली. कातळशिल्प म्हणजे तो कातळच. ते हलवता येत नाही. रस्ता मात्र चारदोनशे मीटर सरकवता येतो, पण कागदावर असेपर्यंतच, कारण भूसंपादन झाल्यावर प्रत्येक वळणाचा खर्च आणि विलंब वाढत जातो.

म्हणून राज्य रस्ते विकास महामंडळाने पुरातत्त्व विभाग, स्थानिक अभ्यासक आणि ग्रामपंचायती यांना बरोबर घेऊन दोन्ही मार्गांलगतचे सडे पायी पाहावेत, आढळलेली चित्रे आखणीच्या नकाशावर उतरवावीत आणि खाणी, प्लांट व माती टाकण्याच्या जागांनाही तीच अट निविदेतच घालावी, अशी माझी विनंती आहे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावच्या कोरीव हत्तीभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला. गावे मदतीला येतील याविषयी मला शंका नाही. दिवाळीनंतर गवत वाळू लागते. जमीन मोजणीच्या नोटिसा निघण्याआधी निदान या एका हंगामात ही पाहणी पूर्ण करावी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी