समुपदेशकांनी आमचं फेसबुक पाहावं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरच्या लेखांत ‘मोकळं बोला, मदत घ्या’ हे हमखास असतं. मदत घ्यायला गेल्यावर समोरची व्यक्ती आपल्याला घरी बसून गुगलवर शोधते का, यावर कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

यजमान गेल्यावर मी आठ महिने एका समुपदेशक बाईंकडे जात होते. बाई चांगल्या, ऐकून घेणाऱ्या. एकदा सहज म्हणाल्या, ‘गणपतीपुळ्याला किती छान हसताय तुम्ही!’ त्या सहलीबद्दल मी त्यांच्याकडे चकार शब्द काढला नव्हता. भाचीने फोटो टाकून मला टॅग केलं होतं. पोटभर रडून झाल्यावर, ‘मावशी, हस ना’ म्हणून तिने काढलेला तो फोटो. त्यानंतर बाईंसमोर मी शब्द मोजून बोलू लागले, आणि तीन-चार खेपांनी जाणंच सोडलं.

बोल तरी कोणत्या तोंडाने लावणार? पहिल्या भेटीआधी मीही त्यांना शोधलं होतं. पदवी बघायला म्हणून बसले आणि रात्री एक वाजता त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो बघत होते! पुढे त्या काही समजावू लागल्या की मनात यायचं, भरल्या घरातल्या बाईला काय कळणार.

तरी दोन्ही शोध सारखे नाहीत. ‘समुपदेशक’ अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती ऑनलाइन तपासता येते. एवढं पेशंटने बघायलाच हवं. (लग्नाचे फोटो नव्हेत, कबूल.) उलट समुपदेशकाने न विचारता आमच्या भिंतीवर डोकावायचं कारण एकच दिसतं: जिवाला धोका आहे आणि फोन लागत नाही. तेव्हा त्याने खुशाल सगळं धुंडाळावं.

कायद्याचा इथे फारसा आधार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार उपचारादरम्यान मिळालेली माहिती गुप्त ठेवावी लागते. पण ती बाहेर जाऊ नये यासाठी ते कलम आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर आपण स्वतः जगजाहीर केलेली माहिती कक्षेबाहेरच ठेवली आहे. माझा फोटो मी नव्हे, भाचीने टाकला होता, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा.

पहिल्या भेटीत माझ्याकडून फॉर्म भरून घेतला होता. वेळ चुकवल्यास फी द्यावी लागेल, हे त्यात ठळक छापलं होतं. त्याखाली आणखी दोन ओळी मावल्या असत्या: आम्ही तुम्हाला इंटरनेटवर शोधणार नाही, शोधावंच लागलं तर आधी विचारू, नाहीतर नंतर सांगू. आमच्याबद्दल काही वाचलंत तर तुम्हीही इथे येऊन बोला.

माझं नाव छापू नये ही विनंती. गणपतीपुळ्यावरून बाई ओळखतीलच, आपलाच पेपर घेतात त्या. ओळखू देत. तोंडावर सांगायचं मला जमलं नव्हतं.

– एक वाचक, नाशिक