पॅडच्या पेट्या मिळतात, माणसांसाठी पैसे मिळत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी 28 मे आला, म्हणजे मासिक पाळी स्वच्छता दिन, की आमच्या गोवंडीत पॅड वाटायला गाड्या येतात, फोटो निघतात, बॅनर गुंडाळला की गाड्या परत. पॅड नकोत असं अजिबात म्हणत नाहीये, लागतातच, पण 29 मेला त्याच मुलींना काही विचारायचं असेल तर वस्तीत असतो कोण, आमच्यासारखी विशी-पंचविशीतली पोरंपोरी, आणि त्यांच्यासाठी कुणाच्याच बजेटमध्ये पैसे नसतात म्हणून हे पत्र लिहितेय.

आम्ही नऊ जण आहोत, पाच वर्षं झाली. पाळी, गर्भनिरोधक, पोरांशी संमतीबद्दल बोलणं, सगळं करतो. मागच्या पावसाळ्यात एक वीस वर्षांची मुलगी आली, दिवस गेले होते, गर्भपात करायचा होता, एका दवाखान्यात तिला सांगितलं नवऱ्याची सही आण. लग्नच झालेलं नाही तिचं! गर्भपाताच्या कायद्यात अशी सही लागतच नाही, अठरा पूर्ण असली की तिची स्वतःची संमती पुरते, 2021 ची दुरुस्ती आणि सप्टेंबर 2022 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यानंतर तर लग्न झालं नाही म्हणून अडवायला जागाच उरली नाही, पण हे सगळं काउंटरवर एकटीने उभं राहून तिने कसं सांगायचं? आमची एक मैत्रीण तिच्यासोबत तीनदा दुसऱ्या हॉस्पिटलात गेली, रिक्षाचे पैसे खिशातून आणि कामावर तीन खाडे. या खाड्यांचे पैसे कुठल्या प्रपोजलमध्ये मागायचे ते सांगा. तिथे विचारतात किती लाभार्थी, आम्ही लिहिणार एक.

पैसे मागायला गेलो की पहिला प्रश्न रजिस्ट्रेशनचा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा निधी हवा तर संस्था नोंदलेली पाहिजे, आयकर खात्याची बारा-ए आणि एटी-जी नोंदणी पाहिजे, वर तीन वर्षांच्या कामाचं रेकॉर्ड. आमचं काम पाच वर्षांचं, पण कागदावर काहीच नाही, कारण सीएची फी भरायची की खोलीचं भाडं यात आम्ही दर वेळी भाडंच भरलं. 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला तेव्हापासून परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला तो पुढे दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, म्हणजे उद्या नोंदणी केली तरी ती वाट बंदच, आणि ऑफिस खर्चाची मर्यादा पण 50 टक्क्यांवरून 20 वर आणली.

र. धों. कर्वेंनी 1921 मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, प्राध्यापकाची नोकरी गेली, पुढे 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत मासिक चालवलं ते पदरमोड करून. आज आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. शंभर वर्षांनी पण हे काम पदरमोडीवरच चालावं का?

मुंबईतल्या कंपन्यांना आणि देणगीदारांना माझं सांगणं आहे की एखाद्या जुन्या नोंदलेल्या संस्थेला पैसे द्या आणि तिने वस्तीतल्या मुलामुलींना मानधनावर घ्यावं, एका दिवसाच्या कार्यक्रमापुरतं नाही तर दोन-तीन वर्षांसाठी. नोंदणीचा आणि ऑडिटचा खर्च पण त्यातच धरा. आणि काय काम करायचं ते आम्हाला ठरवू द्या, कारण गेल्या वर्षी एकांनी मदत देऊ केली होती पण अट घातली की गर्भपाताचा विषय काढायचा नाही, आम्ही नको म्हटलं, सोपं नव्हतं ते, दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं तेव्हा.

ती हॉस्पिटलात सोबत गेलेली मैत्रीण आता कॉल सेंटरची रात्रपाळी धरायचं म्हणतेय, घरी वडील आजारी आहेत. महिन्याला बारा हजार मानधन मिळालं तर ती थांबेल, मी विचारलंय तिला.

आपली,
एक वाचक, गोवंडी, मुंबई